राजारामपुरीतले शुक्रवार

माणसानं खोटं बोलावं, पण देवाला मध्ये घालून बोलू नये. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंचेचाळिशी ओलांडावी लागली, आणि तीही कळली ती आमच्या आत्या उतरत्या दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्यावर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात.

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. एक दिवस नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढता काढता छाती आवळून आली. श्वास आत जाईना. हातातला खडू घामानं ओला झाला. मला वाटलं, आता मी या पोरींच्या समोर मरणार आणि यांना जन्मभर त्रिकोणाची भीती बसणार. शिपायानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळीज एकदम ठणठणीत आहे.

पण ठणठणीत काळजाची छाती पुन्हा आवळली, आणि पुन्हा. हळूहळू मी खुर्चीत बसून शिकवायला लागले. फळ्यावर पोरींनाच पाठवायचे आणि आपण टेबलाची कड धरून बसायचं. पोरींना वाटायचं, बाईंनी शिकवायची नवी पद्धत काढली आहे. मला मात्र एकच भीती होती, की उभं राहून शिकवणं माझ्या हातून कायमचं गेलं. मला दुसरं काही येत नाही. शेवटी त्याच डॉक्टरांनी राजारामपुरीतल्या एका मॅडमचं नाव सांगितलं आणि म्हणाले, हे मनाचं आहे, तिथं बोलून या.

मला राग आला होता. मी कागलची, दिली कोडोलीला, म्हशींच्या धारा काढत बीएड केलेली बाई. मन बिघडवून घ्यायला मला वेळ कधी मिळाला होता?

मॅडमची खोली औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. त्या माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. दोन वेताच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि रुमालांचा डबा. बसल्या बसल्या मी पहिला प्रश्न टाकला, किती वेळा यावं लागेल? आम्हा कोल्हापूरकरांचं असंच. दात काढायचा असो की लग्न जमवायचं असो, आधी आकडा सांगा, मग पुढं बोला.

त्या म्हणाल्या, नक्की आकडा सांगता येणार नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, साधारण बारा ते सोळा वेळा भेटू. मग दोघी मिळून बघू की काय बदललं आणि काय राहिलं. काहींचं तेवढ्यात भागतं, काहींना वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सुरुवातीला हलकं वाटेल, पण मध्ये एक टप्पा असा येईल की हे आधीपेक्षा वाढलंय असं वाटेल. तेव्हा घाबरून यायचं बंद करू नका, मला येऊन सांगा.

एवढ्या सगळ्यातून मी काय उचललं, तर सोळा. माझ्या वर्गातल्या कच्च्या पोरी असंच करतात. उदाहरणातला आकडा तेवढा उचलतात आणि अट वाचतच नाहीत. त्यांना मी पट्टीचा धाक दाखवते. मला कोण दाखवणार?

त्या दिवशी शुक्रवार होता आणि पुढच्याही भेटी शुक्रवारीच ठरल्या, शाळा सुटल्यावर. घरी आले तर आत्या पायरीवर बसलेल्या. सासरे गेले, कोडोलीच्या म्हशी विकल्या, तेव्हापासून त्या आमच्याकडे कळंब्याला राहतात आणि दिवसभर पायरीवर बसून गल्लीचा कारभार बघतात. कुणाच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं, चहा झाला की नुसतंच पाणी, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी विचारलं, एवढा उशीर कुठं केलास? आणि आता दर शुक्रवारी उशीर होणार होता. माझ्या डोक्यात सोळा होतं, जिभेवर शुक्रवार होता. तोंडातून निघून गेलं, "संतोषी मातेचं सोळा शुक्रवार धरल्यात आत्या. देवळात गेलते."

इतकं सरळ आलं ते, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

खरं का सांगितलं नाही? आमच्याकडे मनाच्या डॉक्टरकडे गेलं की डोक्यावर परिणाम झाला म्हणतात, आणि आमची मुलगी पुण्यात शिकते, उद्या तिला स्थळं येतील. हे कारण मी नवऱ्याला सांगितलं. तो दूध संघात नोकरीला. त्याला मॅडमचं ठाऊक होतं आणि तोही म्हणाला, आईला सांगू नको, उगीच काळजी करत बसेल. पण खरं कारण वेगळं होतं. तिथं जाऊन मी कुणाबद्दल बोलणार आहे, हे माझ्या आतल्या कुणाला तरी आधीच कळलं असावं.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी क्वचित पाहिलंय. म्हणाल्या, "मग मीबी धरतो तुझ्याबरोबर. तुझ्या छातीचं बरं हुईस्तवर." मी म्हटलं, तुम्हाला शुगर आहे, तुम्ही उपास धरू नका. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, की शुगरचं देवी बघून घेईल. त्याच रात्री त्या न जेवता झोपल्या.

असं ते सुरू झालं. व्रताला आंबट चालत नाही. नियम धरणाऱ्यापुरता, पण आत्यांनी तो अख्ख्या घराला लावला. शुक्रवारी आमटीत चिंच नाही, कोशिंबिरीत दही नाही, टोमॅटो नाही, ताक नाही. वर शुक्रवारचं मटण बंद. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. त्यातला मधला गेला म्हणून नवरा एखादा नातेवाईक गेल्यासारखा वागत होता. त्याला दोष काय देऊ? तोही त्या खोट्यात माझ्याइतकाच होता, फक्त त्याला शिक्षा पानात वाढली जायची आणि मला कुठंच नाही, मी दुपारी शाळेत जेवून घ्यायचे.

पहिले काही शुक्रवार खरंच हलकं वाटलं. मॅडम फारसं बोलत नसत. मला वाटलं होतं, सल्ला देतील, हे करा, ते करू नका. त्यांनी श्वास मोजून सोडायला शिकवलं, छाती आवळली की पळून न जाता तिथंच थांबून बघायला सांगितलं, आणि बाकी ऐकत राहिल्या. ऐकणारं माणूस मिळालं की बाईमाणूस काय काय बोलतं, हे मला स्वतःलाच ऐकायला मिळालं. चौथ्या की पाचव्या खेपेला मी म्हशीचं सांगितलं.

माझे वडील कागलला वारले त्याला बारा-तेरा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि नदीवरून घरी येतोय तोवर कोडोलीहून निरोप आला. म्हैस अडली आहे, सुनेला पाठवा. ती म्हैस माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे, हे खरं होतं. आणि निरोप आत्यांचा होता. त्या काळी आत्यांच्या निरोपाला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. आईला तशीच बसलेली सोडून मी गाडीत बसले. रेडकू सुखरूप झालं. दहाव्यापर्यंत मी धारा काढत राहिले. धार काढणाऱ्याचं चित्त ठिकाणावर नसलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. म्हणून मी रडायचे नाही. सकाळ-संध्याकाळ तिच्या पोटाला डोकं लावून, दात आवळून, रडू गिळत धार काढायची. दहाव्याला कागलला गेले तेव्हा रडू आलंच नाही. भावकीतल्या बायका म्हणाल्या, लेकीचं काळीज घट्ट आहे.

हे सांगून झालं आणि मी त्या वेताच्या खुर्चीत अशी रडले की खालच्या दुकानात ऐकू गेलं असेल. मॅडमनी पाणी दिलं आणि वेळ संपत आली तरी घाई केली नाही.

त्यानंतर मात्र मला तोंडच फुटलं. दर शुक्रवारी आत्या. त्या कशा टाकून बोलायच्या, माझ्या माहेराला कशा नावं ठेवायच्या, मुलगी झाली तेव्हा बारशाला पेढ्याऐवजी साखर कशी वाटली. तासभर त्यांची उणीदुणी काढायची, मग खाली उतरायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून गूळ-फुटाणे घ्यायचे आणि प्रसाद म्हणून घरी न्यायचे. आत्या दिवसभराच्या उपाशी, पायरीवर माझी वाट बघत बसलेल्या. मी पुडी हातात दिली की ती दोन्ही डोळ्यांना लावायच्या, मग त्यातला एक फुटाणा तोंडात टाकून उपास सोडायच्या. कधीकधी मी गाडी मुद्दाम महाद्वार रोडला वळवून अंबाबाईला बाहेरूनच हात जोडून यायचे, म्हणजे खोट्यात थोडं तरी खरं मिसळेल. भेसळ करणारेही दुधात थोडं दूध ठेवतातच की.

आठव्या-नवव्या शुक्रवाराच्या सुमाराला, मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. वाढलं. छाती आता शाळेत नाही तर भाजी मंडईत आवळायला लागली, बसमध्ये, एकदा तर नवऱ्याच्या मागं गाडीवर बसलेली असताना. मी मॅडमना म्हटलं, बंद करते, याचा उपयोग नाही. त्यांनी विचारलं, अजून काही आहे का, जे इथं बोलायचं राहिलंय? मी व्रताचं सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. घरी खरं सांगितलं तर काय होईल असं वाटतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या विचारतील की माझ्याबद्दल तिथं काय बोलतेस.

त्या प्रश्नाची मला फळ्यापुढच्या भीतीहून जास्त भीती वाटत होती. कारण उत्तर मला पाठ होतं.

तरी फरक पडत होता, नाही कसं म्हणू. सांगून टाकल्यावर श्वास मोजायचं जमायला लागलं. छाती आवळली की मी तिथंच थांबायचे. ती थोडा वेळ आवळायची आणि सोडायची. एक दिवस अख्खा तास मी फळ्यापाशी उभी राहिले. पोरींना काही कळलं नाही, पण मी स्टाफरूममध्ये जाऊन स्वतःसाठी चहा मागवला. वाटलं, आता दोन-चार शुक्रवार राहिले, सोळा झाले की मॅडमचंही संपलं आणि व्रताचंही. दोन्हीचं एकदम उद्यापन करू आणि हे खोटं खीर-पुरीबरोबर खाऊन टाकू. आत्यांनी तर उद्यापनाला कुठली कुठली मुलं जेवायला बोलवायची तेही ठरवून टाकलं होतं.

तेराव्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, आपण ठरवलं होतं तसं आता बघू या, कुठवर आलोय. शाळेचं सुधारलं होतं, झोप सुधारली होती. पण वडिलांचं तर आत्ता कुठं उघडलंय, असं त्या म्हणाल्या; इथं थांबवलं तर ते परत झाकलं जाईल. त्यांचं म्हणणं होतं की अजून काही काळ दर आठवड्याला यावं, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं, आणि थांबायचं ठरलं की थांबण्यासाठीही दोन-तीन भेटी ठेवाव्यात. अचानक तोडायचं नाही. निर्णय तुमचा, असंही त्या म्हणाल्या.

मी चिडले. म्हटलं, "तुम्ही सोळा म्हणाला होता."

"बारा ते सोळा झाल्यावर बघू, असं म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

अगदी हाच आवाज मी वर्गात काढते, उदाहरण पुन्हा वाच म्हणताना. मला त्यांचा राग येऊ नये इतकं ते बरोबर होतं. पण घरी काय सांगायचं? सतरावा शुक्रवार कुठल्या व्रतात असतो?

चौदाव्या शुक्रवारी मी मॅडमसमोर बसलेली असताना पर्समधला फोन थरथरत राहिला. तिथं फोन बघायचा नाही असा माझाच नियम होता. बाहेर जिन्यात येऊन बघितलं तर नवऱ्याचे आणि शेजारच्या काकूंचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. आत्या सकाळी शुगरची गोळी घेऊन दिवसभर उपाशी होत्या. दुपार उतरताना पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथंच कोसळल्या. काकू काहीतरी मागायला आल्या म्हणून बरं, नाहीतर किती वेळ पडून राहिल्या असत्या कोण जाणे. त्या पडल्या तेव्हा मी वर्गात होते. पण त्यांना दवाखान्यात नेलं, नवरा फोन करत होता, तेव्हा मी खुर्चीत बसून त्या मला कशा वागवायच्या तेच सांगत होते. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. इथंच पहिल्यांदा लिहिते आहे.

घरी पोहोचले तोवर आत्यांना परत आणलं होतं; खाटेवर आडव्या, कपाळाला टेंगूळ, आणि डोळ्यात पाणी. मी पायाशी बसले. वाटलं, दुखतंय. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. काकूंनी घाईघाईत साखरपाणी करताना त्यात लिंबू पिळलं होतं. सरबतच करून पाजलं होतं बिचारीनं. शुद्ध आल्यावर आत्यांना जिभेवर आंबट लागलं.

"मोडलं ग," त्या मला म्हणाल्या. "चवदा झालतं. दोनच राहिलतं."

दवाखान्यात डॉक्टर उपासावरून ओरडले होते, नवरा ओरडला होता, त्यातलं त्यांच्या कानात काही शिरलं नव्हतं. एका घरात धरलेलं व्रत, एकीचं मोडलं म्हणजे दोघींचं मोडलं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या शुक्रवारपासून पुन्हा एकपासून धरायचं. तुझी छाती सुधारत आलीय, आता सोडून चालणार नाही.

आणि तेव्हा मला आनंद झाला. हे मी लपवत नाही, कारण लपवण्यात माझा हात किती बसलाय ते मला माहीत आहे. एक क्षणभर, त्यांच्या कपाळावरच्या टेंगळाकडे बघत, मी मनात म्हटलं, सुटले, अजून सोळा शुक्रवार मिळाले. मॅडम म्हणतात तेवढ्यात तिकडचंही उरकेल. मग माझं मलाच कळलं की मी काय मोजते आहे. त्यांना उपाशी मारून माझं बरं होण्याचे दिवस मी मोजत होते. तिथून उठले आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्या आठवड्यात नवऱ्यानं त्यांना समजावलं, मी समजावलं, पुण्याहून पोरीनं फोनवर समजावलं. त्या ऐकेनात. माझ्यासाठी धरलेलं व्रत त्या माझ्याच सांगण्यावरून तरी का सोडतील? एकच गोष्ट त्यांना थांबवू शकत होती, आणि ती फक्त माझ्याकडे होती.

गुरुवारी दुपारी शाळेला सुट्टी होती. आत्या दारात फुटाणे पाखडत बसलेल्या, दुसऱ्या दिवसाच्या तयारीला. मी समोर बसले आणि सांगितलं. देवळात जात नव्हते. राजारामपुरीत एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाते. छातीचं दुखणं मनातून येतं म्हणून त्यांच्याशी बोलायला जाते. प्रसाद दुकानातला होता. सगळं एका दमात सांगितलं, पुन्हा हिंमत होणार नाही म्हणून.

सूप थांबलं. आत्या म्हणाल्या, "मग मी कशापायी उपाशी ऱ्हायलो?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तो प्रश्न विचारला.

"काय बोलतीस तिथं? माझ्यावरनं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण खोट्याची मला त्या दिवशी शिसारी आली होती. म्हटलं, व्हय, तुमच्यावरनंच. आणि सांगितलं. वडिलांचा तिसरा दिवस, निरोप, म्हैस, धारा, न आलेलं रडू. आत्या जमिनीकडे बघत होत्या.

"म्हैस आडली हुती," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात पश्चात्ताप नव्हता, नुसती माहिती होती. मग त्यांनी मान वर केली. "आन् माझं कायतरी चांगलं सांगितलंस का?"

मी आठवून बघितलं. चौदा शुक्रवार मनातल्या मनात उलटून बघितले.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग आर्धंच सांगून आलीस की," आत्या म्हणाल्या. "जा आजून." आणि सूप उचलून आत गेल्या.

त्यांनी ते शहाणपण म्हणून सांगितलं नव्हतं. तो टोमणा होता, त्यांच्या ठेवणीतला, आणि तो लागला. त्या दिवशी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र जेवल्या, एवढं नवऱ्याकडून कळलं. सकाळी शाळेला निघताना मी दारातून म्हटलं होतं, "आत्या, संध्याकाळी मॅडमकडं जाऊन येते."

त्या शुक्रवारी मॅडमच्या खुर्चीत बसले आणि जे चौदा वेळा गाळलं होतं ते सांगितलं. विसरले नव्हते, गाळलं होतं. वडील गेल्यावर महिनाभरानं आत्या एकट्या एसटीनं कागलला गेल्या आणि माझ्या आईला घेऊन आल्या. आई कोडोलीच्या दारात येऊन अडून बसली. लेकीच्या घरी आईनं मुक्काम करायचा नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. आत्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "लेकीच्या घरात कुठं आलाईसा? माझ्या घरात आलाईसा." आई दोन महिने राहिली. दोघी एकाच खोलीत निजायच्या. वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदा हसलेली मी तिथं, आत्यांच्या शेजारी ऐकली. आज आई नाही. ते हसणं मला आत्यांनी दिलं होतं, आणि मी ते कुणापुढं काढलं नव्हतं, कारण काढलं असतं तर आत्यांवरचा राग पातळ झाला असता. मला माझ्या छातीसाठी पूर्ण दोषी असं एक माणूस हवं होतं. हेही मी तिथं म्हटलं, जसं सुचलं तसं.

मॅडमनी पुढच्या शुक्रवारचं विचारलं. मी हो म्हटलं. किती राहिले, ते विचारलं नाही.

घरी आले तर आत्या पायरीवर होत्या. माझा हात रिकामा होता, पुडी नव्हती. त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय?"

"तुम्ही आईला घिऊन आलतासा, ते."

त्या गल्लीकडे बघत बसल्या. समोरून कोण गेलं तेही त्यांनी बघितलं नसावं. मग म्हणाल्या, "ती म्हैस मेली आसती तर मेली आसती. तुला बलवायला नको हुतं मी." आणि मला आत जायला जागा व्हावी म्हणून पाय बाजूला घेतले.

मी आत गेले आणि चहा टाकला. आधण उकळेपर्यंत ओट्याला धरून रडले, वडिलांसाठी, इतक्या वर्षांनी. चहा गाळताना लक्षात आलं की या सगळ्यात त्यांनी माफी मागून टाकली होती. मी, जिनं एका म्हाताऱ्या बाईला खोट्या व्रतापायी इतके शुक्रवार उपाशी ठेवलं, तिनं अजून मागितली नव्हती. ती मागायची असं ठरवूनच मी कप घेऊन बाहेर आले. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, कप हातात दिला, त्यांनी घेतला, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं की साखर घातलेली नाही.